घरगुती अजिंक्यवीर

देवस्थानांच्या उत्सवांत पालखी, कीर्तन आणि नाटक यांच्या जोडीला कॅरमच्या सामन्यांनीही आता आपली जागा पक्की केली आहे. गोव्यातील देवळांच्या अग्रशाळा असोत, बेळगावकडील गणेशोत्सवाचे मंडप असोत, की इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील महाराष्ट्रीय समाजांची सभागृहे असोत, दिव्याखाली चौघे कॅरमभोवती बसले आहेत आणि त्यांच्या पाठीमागे वीस-पंचवीस माणसे वाकून उभी आहेत, हे चित्र कोणास अपरिचित नाही. आणि जेथे हे सामने आहेत तेथे एक अजिंक्यवीरही ठरलेला असतो. दरवर्षी तोच जिंकतो. दरवर्षी शाल, श्रीफळ आणि करंडक त्यालाच मिळतो. आणि दरवर्षी त्याच्याविषयी एकच वाक्य उच्चारले जाते: "आमच्या अमक्यापुढे मोठमोठे विजेते टिकावयाचे नाहीत, बिचाऱ्यास संधी मिळाली नाही, इतकेच!"

हे वाक्य आम्ही इतक्या ठिकाणी आणि इतक्या तोंडांतून ऐकले आहे, की त्याचा एकदा नीट समाचार घेणे अवश्य झाले आहे. वाक्याचा उत्तरार्ध खरा आहे. संधी मिळाली नाही, हे निर्विवाद. परंतु ती कोणी दिली नाही, हा प्रश्न विचारला की बोलणारे गृहस्थ दैवाकडे, राजकारणाकडे अथवा दूरच्या कोणा संघटनेकडे बोट दाखवितात. आमचे म्हणणे असे, की बोट प्रथम उत्सव समितीच्या त्या छापील पत्रकाकडे वळावे, ज्यावर 'बाहेरच्या खेळाडूंस प्रवेश नाही' किंवा 'मानांकित खेळाडूंनी नावे देऊ नयेत' अशी ओळ असते. ज्या खेळाडूची आपण एवढी वाखाणणी करतो, त्याची वाट याच ओळीने अडविली आहे.

कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून प्रथमच सांगतो, की गावच्या गुणी खेळाडूस कमी लेखण्याचा आमचा यत्किंचितही हेतू नाही. तसे लेखणारा दुसरा एक वर्ग आहे. राज्यस्तरावरील चार सामने पाहून आलेला मनुष्य गावी परतला, की त्यास उत्सवातला सगळा खेळ पोरकट वाटू लागतो. 'हे गल्लीतले खेळाडू; स्पर्धेत पहिल्या फेरीतच गारद होतील,' असे तो नाक वर करून सांगतो. हाही तितकाच चुकीचा. ज्या मुलाने कोणी शिकविल्यावाचून, घरच्या लहानशा पटावर, स्ट्रायकर चौकटीवर आपटून मागे आणून राणी घेण्याचा फटका स्वतःच शोधून काढला, त्याच्या बोटांत देणगी आहे. कोन मोजण्याचे गणित त्यास कोणी सांगितलेले नसते. ते त्याच्या मनगटात उतरलेले असते. ही देणगी विकत मिळत नाही आणि कोणत्याही शिबिरात वाटली जात नाही. तेव्हा गुण आहे की नाही, हा वाद नव्हेच. गुणाचे पुढे काय होते, हा वाद आहे.

घरगुती कॅरम आणि स्पर्धेतील कॅरम यांत अंतर कोणते, ते आधी पाहू. पुष्कळ घरांत पांढऱ्या सोंगटीस २०, काळीस १० आणि राणीस ५० गुण मोजतात. त्या खेळात जी सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी दिसेल ती घ्यावी, मग ती कोणत्याही रंगाची असो. ज्याचा नेम चांगला तो जिंकला. स्पर्धेत हा हिशेब मुळापासून बदलतो. नऊ सोंगट्या आपल्या, नऊ प्रतिपक्षाच्या. आपल्या नऊ संपल्या की पटावर समोरच्याच्या जितक्या उरतील तितके आपले गुण. राणी घेऊन ती पक्की केली असल्यास आणखी ३, आणि तेही आपले गुण २१ च्या पुढे गेले नसतील तोवरच. म्हणजे एका डावात १२ हून अधिक गुण मिळणे शक्य नाही. गेम २५ गुणांचा अथवा ८ डावांचा, आणि सामना तीन गेमपैकी दोन जिंकणाऱ्याचा. यावरून असे दिसेल, की कितीही समर्थ खेळाडू असला तरी एक गेम घेण्यास त्यास किमान तीन डाव आणि सामना जिंकण्यास किमान सहा डाव खेळावेच लागतात. एका चमकदार फटक्यावर टाळी मिळते, सामना मिळत नाही.

या नियमांमुळे खेळाचा स्वभावच पालटतो. येथे घेण्याइतकेच अडविणे महत्त्वाचे ठरते. आपली सोंगटी पॉकेटशी असूनही ती आत्ता घेऊ नये, प्रतिपक्षाची वाट रोखून ती तेथेच राहू द्यावी, हे शहाणपण घरगुती खेळात कधी लागत नाही, म्हणून ते येतही नाही. फटक्यास १५ सेकंदांची मर्यादा असते; विचार करण्यास पानसुपारी होईपर्यंत वेळ नसतो. स्ट्रायकर १५ ग्रॅमहून जड चालत नाही, त्याचा व्यास ४.१३ सेंटिमीटरहून अधिक असता कामा नये, आणि खेळण्याचा पृष्ठभाग सुमारे ७४ सेंटिमीटरचा चौरस असतो. घरच्या आखूड पटावर, जडशा स्ट्रायकरने, मूठभर पावडर टाकून ज्याचा हात बसला, त्याचा तोच हात प्रमाणित पटावर पहिले दोन डाव परका होतो. आणि स्पर्धेत पहिले दोन डाव परक्याप्रमाणे खेळणे याचा अर्थ कित्येकदा घरी परतणे असा होतो.

पट, नियम आणि वेळ या तिन्हींची सवय महिना-दोन महिन्यांत करता येईल. चौथी एक गोष्ट मात्र अशी आहे, की ती एकट्याने करताच येत नाही. ती म्हणजे आपल्याहून सरस माणसासमोर बसणे. पहिला फटका मारण्याचा हक्क समोरच्याकडे आहे. तो एका पाठोपाठ नऊही सोंगट्या आणि राणी घेऊन, ज्यास खेळाडू 'व्हाइट स्लॅम' म्हणतात, डाव संपवून टाकतो. आणि आपण हाताची घडी घालून नुसते बसलो आहोत, हा अनुभव घरच्या अजिंक्यवीरास कधी येतच नाही. दहा वर्षे न हरलेल्या मनुष्यास आपल्या खेळातील उणीव कोणती हे कळावयाचे कसे? त्यास ती दाखविणारा समोर बसलाच नाही! गुणी खेळाडूची सगळ्यांत मोठी गरज पराभव ही असते, आणि नेमकी तीच गरज आमच्या उत्सव समित्या मोठ्या प्रेमाने अपुरी ठेवतात.

कोकणी भाषेत खेळाडूस 'खेळगडो' म्हणतात. मराठीत 'खेळगडी' म्हटले की बरोबर खेळणारा सोबती डोळ्यांपुढे येतो. या दोन भगिनी भाषांनी मिळून एक गोष्ट सांगितली आहे, की सोबत्यावाचून खेळाडू नाही. ज्यास तोडीचा सोबती नाही तो कितीही जिंको, अर्धाच खेळाडू राहतो.

आता 'धंदेवाईक' या शब्दाकडे वळू. आमच्या मंडपात हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. नाटकाच्या क्षेत्रात हौशी आणि धंदेवाईक असा भेद आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो, आणि तेथूनच तो या खेळात आणला. समजूत अशी, की आमचा मुलगा आनंदासाठी खेळतो, तो दुसरा पैशासाठी. वस्तुस्थिती पाहिली तर कॅरम हा काही कोणास श्रीमंत करणारा खेळ नव्हे. राष्ट्रीय स्पर्धांत पेट्रोलियम, आयुर्विमा, रिझर्व्ह बँक अशा संस्थांचे संघ उतरतात. चांगल्या खेळाडूस अशा एखाद्या संस्थेत नोकरी मिळते आणि त्या नोकरीच्या आधारावर त्याचा सराव चालतो. म्हणजे ज्यास आपण धंदेवाईक म्हणून हिणवतो तो बहुधा एक नोकरदार मनुष्य असतो. त्यास पैसा थोडा अधिक मिळतो. वेळ आणि तोडीचे प्रतिस्पर्धी मात्र पुष्कळ अधिक मिळतात. चेन्नईचे मारिया इरुदयम यांनी १९९१ आणि १९९५ साली जागतिक अजिंक्यपद मिळविले, त्यांस १९९६ चा अर्जुन पुरस्कार लाभला. पुण्याचे योगेश परदेशी २००८ साली जगज्जेते झाले. या माणसांनी खेळावर जितके तास खर्चिले त्या तासांना धंदा म्हणून हिणविणे, हे पहाटे चारला उठून तंबोरा जुळविणाऱ्या गवयास धंदेवाईक म्हणून हसण्यासारखे आहे.

हा झगडा केवळ आपल्याकडचाच आहे असेही नाही. युरोप-अमेरिकेत टेबल-फुटबॉल नावाचा खेळ आहे. एका मेजावर आडव्या दांड्या, दांड्यांना लाकडी अथवा इतर पदार्थांचे खेळाडू, आणि त्या फिरवून चेंडू प्रतिपक्षाच्या गोलात घालावयाचा. उपाहारगृहांत आणि मद्यगृहांत हा खेळ गेली कित्येक दशके चालतो, आणि प्रत्येक उपाहारगृहाचा आपापला एक अजिंक्यवीर असतो. तो दांडी गरगरा फिरवितो, चेंडू विजेसारखा जातो, बघे थक्क होतात. पण २००२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार दांडी अशी गरगर फिरविणे निषिद्ध आहे. स्पर्धेतला खेळाडू प्रथम चेंडू थांबवितो, मधल्या पाच खेळाडूंच्या दांडीवरून पुढच्या तिघांच्या दांडीकडे तो अचूक सरकवितो, आणि मग मनगटाच्या एका हिसड्याने मारतो. मधल्या दांडीवर चेंडू १० सेकंदांहून अधिक ठेवता येत नाही. शिवाय फ्रान्सचे मेज वेगळे, इटलीचे वेगळे, जर्मनीचे आणि अमेरिकेचे आणखी वेगळे. जो एका मेजाचा राजा तो दुसऱ्यावर प्रजाजन ठरतो. म्हणून तेथे खरा कस लावू इच्छिणाऱ्यास आपले उपाहारगृह सोडून बाहेर पडावेच लागते. मेजावरचा फुटबॉल असो की कॅरम, गुणाची परीक्षा परक्या पटावरच होते.

परक्या पटावरील पहिल्या पराभवाचे फळ काय असते याचे एक उदाहरण बुद्धिबळाच्या इतिहासात आहे, आणि ते आमच्या प्रत्येक उत्सव समितीने भिंतीवर लावून ठेवण्याजोगे आहे. पंजाबातील मीर सुलतान खान हे देशी पद्धतीचे बुद्धिबळ खेळून वाढले. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जात नसे. इतरही नियम निराळे होते. १९२८ साली त्यांनी अखिल भारतीय स्पर्धा जिंकली. त्यांचे आश्रयदाते सर उमर हयात खान त्यांना १९२९ च्या वसंतात लंडनला घेऊन गेले. तेथे त्यांच्यासाठी सरावाची एक लहानशी स्पर्धा योजण्यात आली, आणि तीत भारताचा हा विजेता तळाशी राहिला! आमच्याकडील एखाद्या समितीने येथेच आवरते घेतले असते. पाहुण्यांनी फसविले म्हणून गवगवा केला असता, आणि आपल्या वीरास परत आणून शाल पांघरली असती. सर उमर यांनी तसे केले नाही. ज्या विंटर आणि यीट्स या इंग्रज खेळाडूंच्या मागे सुलतान खान पडले होते त्यांच्याचबरोबर त्यांचा सराव झाला. त्याच उन्हाळ्यात सुलतान खान ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसले; पुढे १९३२ आणि १९३३ सालीही त्यांनी ते जिंकले, आणि मधल्या काळात हेस्टिंग्ज येथे माजी जगज्जेते कापाब्लांका यांनाही हरविले. त्या वसंतातला तो पराभव वगळा, आणि उन्हाळ्यातला विजय राहतो का ते पाहा.

कोणी म्हणेल, ही राजे-रजवाड्यांच्या आश्रयाची गोष्ट झाली. आमच्यापाशी उमर हयात खान कोठून आणावे? तर मग आजच्या काळातील, कॅरमचीच आणि गरिबांचीच उदाहरणे घ्या. उत्तर चेन्नईतील व्यासरपाडी ही कष्टकऱ्यांची वस्ती. तेथील इलवझगी २००८ साली फ्रान्समध्ये जगज्जेती झाली. २०२४ साली अमेरिकेत झालेल्या विश्वचषक स्पर्धेत त्याच शहरातील काझिमा या रिक्षाचालकाच्या मुलीने एकेरी, दुहेरी आणि सांघिक अशी तीन सुवर्णपदके मिळविली. या मुलींच्या घरी पैसा नव्हता. परंतु त्यांच्या वस्तीत खेळ होता, खेळास नियम होते आणि रोज समोर बसणारे प्रतिस्पर्धी होते. १९८८ साली आंतरराष्ट्रीय कॅरम संघटना स्थापन झाली तीही याच शहरात. ज्या वस्तीत गुणी मुलीस 'तू अजिंक्य आहेस' असे कोणी सांगत बसत नाही, तेथे ती मुलगी खरोखर अजिंक्य होते. आणि आमच्या प्रशस्त सभागृहांत, जेथे छत आहे, दिवे आहेत, देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत, तेथे घरगुती अजिंक्यवीर म्हातारे होत आहेत. याचा विचार महाजनांनी करावा.

आता आमच्याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातील त्यांचा परामर्श घेऊ.

पहिला आक्षेप धार्मिक वृत्तीच्या सज्जनांचा. उत्सव हा देवाचा; तेथे करमणूक असावी, चुरस आणि धंदा कशास, असे ते म्हणतील. त्यांना आम्ही नम्रपणे जत्रेतील कुस्त्यांचे स्मरण देतो. देवाच्या जत्रेत आखाडा उघडा असतो. परगावचा मल्ल येतो, लंगोट कसतो, आणि गावच्या मल्लास आव्हान देतो. 'फक्त आमच्या गावच्या मल्लांसाठी' अशी पाटी आखाड्यावर लावली असती तर ती कुस्ती पाहण्यास कोण गेले असते? गावच्या मल्लाने बाहेरच्यास पाडले तर त्याची मिरवणूक निघते, आणि तो पडला तर पुढल्या वर्षासाठी तो तालमीत घाम गाळतो. ही आपली जुनी रीत आहे. बंद दाराची स्पर्धा ही परंपरा नव्हे. तो मागाहून शिरलेला आळस आहे.

गाण्याच्या बाबतीत तर गोव्याच्या मंदिरपरिसरास हे सांगण्याची आवश्यकताच नसावी. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांच्या गळ्यावर गावच्या लोकांनी प्रेम केलेच असेल. पण तेवढ्या प्रेमावर त्या थांबल्या असत्या तर केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ही नावे हिंदुस्थानास ठाऊक झाली नसती. त्या गाव सोडून बाहेर पडल्या, अल्लादिया खाँसाहेबांसारख्या कठोर गुरूपुढे बसल्या, आणि वर्षानुवर्षे तेच तेच स्वर घासले. गुरू कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. बडोद्यात माणिकरावांनी आपल्या व्यायाममंदिरास आपले वस्ताद जुम्मादादा यांचेच नाव दिले. विद्या घेण्याच्या बाबतीत आपले पूर्वज आपल्याहून अधिक मोकळ्या मनाचे होते, असे म्हणण्याची पाळी यावी हे शोचनीय आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. बाहेरचे खेळाडू येतील, बक्षिसे घेऊन जातील, आमची मुले हिरमुसली होतील. बक्षिसे जातील, हे खरे. जाऊ द्यावीत! करंडक गावात राहिला आणि खेळ गावाबाहेर राहिला, यात गावाचा कोणता लाभ झाला? मुले हिरमुसली होतील ही भीती मात्र आम्हांस खोटी वाटते. खेळणारी मुले पराभवाने खचत नाहीत. खचतात ते त्यांच्यावर गावाची प्रतिष्ठा लावून बसलेले प्रौढ. आपल्या मुलास परक्याने हरविले, हे पाहवत नाही म्हणून आपण दार लावून घेतो, आणि त्यास मुलाविषयीची माया असे नाव देतो. त्या मायेची किंमत मुलगा भरतो. चाळिशीत आलेला, हात अजून तेज असलेला, पण आपण नेमके कोण होतो हे आयुष्यभर न कळलेला असा खेळाडू ज्या गावात नाही ते गाव विरळा.

तिसरा आक्षेप आम्हांस मान्य आहे, म्हणून त्याचे उत्तर वेगळे देतो. काही खेळाडूंना स्पर्धा नकोच असतात. दिवसभराचे काम संपवून चार मित्रांत बसावे, हसावे, खेळावे, एवढ्यावर ते तृप्त असतात. ही तृप्ती आदरणीय आहे, आणि त्यांना कोणी ओढून स्पर्धेत नेऊ नये. मात्र अशा मित्राच्या वतीने 'हा जगज्जेत्यास हरवील' अशा वल्गना मित्रांनीही करू नयेत. जो पटावर बसलाच नाही त्याच्या नावाने विजय मिरविणे, हा त्याचाही अपमान आणि ज्यांनी तो विजय घाम गाळून मिळविला त्यांचाही.

बाहेरच्यांस बंदी याचा अर्थ कित्येक ठिकाणी आणखी पुढे जातो, आणि तेथे गोष्ट केवळ खेळाची राहत नाही. प्रवेश एखाद्या ज्ञातीपुरता असतो, वर्गणीदारांच्या कुटुंबांपुरता असतो, किंवा पुरुषांपुरता असतो. स्त्रियांसाठी रांगोळी आणि पाककृती. कॅरम मात्र पुरुषांचा. वर ज्या दोन विजेत्यांची नावे आम्ही घेतली त्या दोघीही मुली आहेत, हे येथे पुन्हा ध्यानात आणून देतो. १९७६ साली तेरा वर्षांच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरल्या तेव्हाही आक्षेप घेतले गेले होते. जागतिक संघटनेचे त्या वेळचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही असा निर्वाळा दिला. एका मराठी मुलीने उघडलेले हे दार निम्मे शतक लोटल्यावरही आपल्या मंडपात लावलेले असावे, याची आम्हांस लाज वाटते. पाट्या मांडणाऱ्या, मंडप बांधणाऱ्या, आवार झाडणाऱ्या माणसांची मुलेही त्या वीस-पंचवीस बघ्यांत उभी असतात. त्यांच्यापैकी कोणाच्या बोटांत काय आहे हे आपणांस ठाऊक नाही, कारण त्यांना पटाजवळ कोणी बसूच दिले नाही.

केवळ दोष दाखवून थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. म्हणून करावयाचे काय तेही सांगतो. यात खर्चाची म्हणावी अशी बाब थोडीच आहे.

येत्या उत्सवापासून प्रत्येक समितीने निदान एक पट प्रमाणित मापाचा घ्यावा, आणि सोंगट्या व स्ट्रायकरही त्याच मापाचे. सामने २५ गुणांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळवावेत, ते नियम मराठीत आणि कोकणीत लिहून मंडपात लावावेत, आणि पटाशेजारी घड्याळ घेऊन एक पंच बसवावा. प्रवेश सर्वांस खुला असावा. गावच्या मुलांचे मन राखावयाचे असेल तर प्रथम स्थानिकांच्या फेऱ्या घ्याव्यात, त्यांचे बक्षीस निराळे ठेवावे, आणि मग त्यांतील पहिल्या चौघांनी बाहेरून आलेल्या मानांकितांशी खेळावे. मानांकित खेळाडूंस बंदी घालण्याऐवजी सन्मानाने बोलवावे, त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च द्यावा, आणि सामने संपल्यावर एक सकाळ त्यांना मुलांबरोबर बसवावे. विजेत्यास पितळी करंडक देण्याऐवजी राज्यस्पर्धेचे प्रवेशशुल्क आणि रेल्वेचे अथवा बसचे भाडे द्यावे. पितळ कपाटात काळे पडते. प्रवास माणसाच्या उपयोगी येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सभागृह वर्षातील पाच दिवसांपुरतेच न उघडता आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी खेळासाठी उघडे ठेवावे. पाच दिवसांच्या खेळाने वर्षभर खेळणाऱ्याशी सामना होत नाही.

ज्या समित्यांना हे जड वाटते त्यांनी एक तरी करावे. आपल्या अजिंक्यवीराविषयीचे ते नेहमीचे वाक्य बोलणे सोडावे. 'आमच्या अमक्यापुढे कोणी टिकावयाचे नाही' असे म्हणण्याचा अधिकार ज्यांनी अमक्यास कोणापुढे तरी बसविले त्यांनाच आहे. इतरांनी आपल्या पत्रकावरील ती ओळ आधी खोडावी. ती खोडल्यावर आमचा अमका कदाचित पहिल्याच फेरीत हरेल. हरू द्या. दुसऱ्या वर्षी तो अधिक चांगला खेळेल, तिसऱ्या वर्षी त्याच्या शेजारी बसून पाहणारी एखादी मुलगी त्याच्याहूनही चांगली खेळेल, आणि मग या विषयावर कोणास लेख लिहिण्याचे कारण उरणार नाही.